वाढदिवस नेमका कुठल्या घड्याळाचा?

सलग तिसऱ्या वर्षी माझा वाढदिवस प्रवासात गेला आणि सलग तिसऱ्या वर्षी तो मला धड सापडलाच नाही!

परदेशातल्या मित्रमैत्रिणींच्या सुट्ट्या जुळवा, त्यात परवडणारं तिकीट शोधा, की नेमकी तीच तारीख पुढ्यात येते. पूर्वेकडे उडालं की दिवस आखडतो. ८ तासांचा फरक म्हणजे २४ तासांतले १६च हाती, आणि त्यातलेही निम्मे सीटबेल्ट बांधून. पृथ्वीवर एकच तारीख कुठे ना कुठे ५० तास चालू असते. मग माझ्याच वाट्याला ही काटकसर का?

विमानतळावरचा अधिकारी पासपोर्टातली जन्मतारीख बघतो, मग मला बघतो, आणि ढिम्म चेहऱ्याने शिक्का मारतो. हसला असता तर काय बिघडलं असतं?

शुभेच्छा मात्र घरच्या घड्याळाने. तिकडे संध्याकाळचे ७, इकडे पहाटेचे ३, तारीखही उलटून गेलेली, मी परक्या सोफ्यावर जेमतेम डोळा लागलेली, आणि फोन! "झोपली होतीस का गं?" छे, तुमचीच वाट बघत बसले होते! एका वर्षी आदल्या दिवशीच पोचले, तर रात्री ठोक्याला १२ वाजता यजमानांनी उठवलं. "दमली असशील, काही करायचं नाही" असं म्हणून सकाळी ६ला गाडीत कोंबलं, ते रात्रीपर्यंत गाडीतच.

पुढच्या वर्षीचं तिकीट? काढलंय. हो, तारीख तीच.