‘बीडीएस म्हणजे परदेशात रद्दी’ : त्या मेसेजला एका दंतवैद्याचं उत्तर

गेल्या आठवड्यात दवाखाना बंद करायच्या वेळेला खानापूरकडचे एक गृहस्थ आले. दात दुखत नव्हता. मुलीला बीडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीची, जागा मिळत होती, ती घ्यायची की सोडायची हे विचारायला आले होते. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "डॉक्टर, हे खरं काय, सांगा की जरा."

तो मेसेज मला त्याआधी तीन ग्रुपवर येऊन गेला होता. मजकूर असा: "मुलींना बीडीएसला घालू नका. अमेरिकेत ही डिग्री रद्दी आहे. तिथं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. परीक्षा म्हणजे पैसे काढायचा धंदा. आपल्या मुली तिथं डेंटिस्टच्या हाताखाली नर्सचं काम करतात. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात मात्र डिग्री तशीच चालते. आणि बाहेरून शिकून आलेला इथं दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडतो. जनहितार्थ पुढे पाठवा."

बेळगावात दंतवैद्यक शिकवणारी दोन कॉलेजं आहेत, केएलईचं आणि मराठा मंडळाचं. सीमाभागातल्या कितीतरी मराठी घरांतली पहिली डॉक्टर मुलगी या दोहोंपैकी एकातून बाहेर पडली आहे. असा मेसेज वाचून एखादा बाप जागा सोडून देतो, तेव्हा त्या मुलीचं पुढचं सगळं आयुष्य वेगळ्या वाटेला लागतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो. माझी भाची याच वाटेने अमेरिकेला गेली, त्यामुळे यातलं बरंच मी जवळून पाहिलं आहे.

"डिग्री रद्दी आहे."

रद्दी असती तर त्यांनी ती मागितलीच नसती. अमेरिकेतल्या डेंटल स्कूलांत बाहेरच्या दंतवैद्यांसाठी ‘अॅडव्हान्स्ड स्टँडिंग’ नावाचा वेगळा प्रवेश असतो, आणि त्याची पहिली अट म्हणजे तुमच्या देशातली दंतवैद्यकाची पूर्ण पदवी. विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयांचा आणि गुणांचा अधिकृत उतारा, तपासलं जातं, आपले विषय आणि तास त्यांच्या मापात बसवून पाहिले जातात. आपल्या पाच वर्षांचं खातं तिथं उघडून बघतात, फाडून टाकत नाहीत.

मग तरी पुन्हा कॉलेजात का बसवतात? याचं उत्तर मला एका आकड्यातून नीट कळलं, तो सांगतो.

आपण दातांना एफडीआय पद्धतीने आकडे देतो. तोंडाचे चार भाग, वरचा उजवा तो पहिला; प्रत्येक भागात मधल्या दातापासून मागे एक ते आठ. आधी भागाचा आकडा, मग दाताचा. म्हणून आपल्याकडे 18 म्हणजे वरची उजवीकडची अक्कलदाढ. अमेरिकेत ‘युनिव्हर्सल’ पद्धत चालते. वर उजव्या अक्कलदाढेपासून सुरुवात करून सलग 1 ते 32. तिथं 18 म्हणजे खालची डावीकडची दुसरी मोठी दाढ. आता समजा बेळगावात दहा वर्षं दाढा काढलेला, उत्तम हाताचा डॉक्टर उद्या तिथं उभा केला आणि कागदावर लिहिलं, ‘18 काढा’. दहा वर्षांची सवय त्याला तोंडाच्या विरुद्ध कोपऱ्यात घेऊन जाईल. त्याची डिग्री खोटी नाही, हात खोटा नाही. पण रोग्याची चांगली दाढ जाईल.

असंच भुलीच्या इंजेक्शनचं. आपण लिग्नोकेन वापरतो त्यात अॅड्रिनॅलिन बहुतेक 1:80,000 असतं, तिथं नेहमीचं 1:100,000. त्यांच्या नोंदी ठेवायच्या पद्धती, रोग्याची लेखी संमती, विम्याचे कोड, रोग्याच्या तोंडाचा सगळा आराखडा आधी मांडून मग पहिल्या दाताला हात लावायचा, हे सगळं वेगळं. कॉलेजातली ती दोन-तीन वर्षं यासाठी असतात. प्राध्यापकाच्या देखरेखीखाली खऱ्या रोग्यांवर काम करून घेतात, आणि शेवटी तिथल्या मुलांना मिळते तीच डीडीएस किंवा डीएमडी पदवी देतात. (ही दोन नावं वेगळी, पदवी एकच. यावरूनही लोकांत विनाकारण गोंधळ असतो.)

उलट बाजूही सांगायला हवी. निपाणी-चिकोडी हा तंबाखूचा पट्टा. माझ्याकडे दर आठवड्याला गुटखा-सुपारीने तोंड आखडलेला कुणीतरी येतो. मी त्याला आपली तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगतो. दोनच जातात, कधी एकच. गाल आतून पांढरा पडलेला असतो, बोट फिरवलं की दोरीसारखे घट्ट पट्टे लागतात. सबम्यूकस फायब्रोसिस. आपल्या इंटर्न मुलीने हे ओपीडीत कितीदा तरी बोटाने चाचपलेलं असतं, तिथल्या बहुतेक मुलांनी पुस्तकातल्या फोटोत पाहिलेलं असतं. दाढा काढायचा सराव तर विचारूच नका. भाचीने पहिल्या सत्रातच फोनवर सांगितलं होतं, "मामा, अवघड दाढ आली की सर मला हाक मारतात."

"पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं."

हिशेब करून बघा. अमेरिकेतलं मूल बारावीनंतर साधारण 4 वर्षं पदवीची आणि पुढची 4 डेंटल स्कूलची घालवतं. आपल्याकडे बारावीनंतर 4 वर्षं आणि 1 वर्ष इंटर्नशिप. अॅडव्हान्स्ड स्टँडिंगवाल्यांना बहुतेक ठिकाणी दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या मुलांत बसवतात. म्हणजे पहिल्यापासून नाही, मधून. आपल्या बीडीएसची किंमत त्यांनी तेवढी वर्षं वजा करून मोजलेली आहे.

"परीक्षा म्हणजे पैसे काढायचा धंदा."

पैसे लागतात, भरपूर लागतात, ते मी खाली सांगणारच आहे. पण पैसे भरले की जागा मिळते, असा याचा अर्थ कुणी घेत असेल तर तो साफ चुकीचा आहे.

आधी आयएनबीडीई ही राष्ट्रीय परीक्षा. 2020 साली सुरू झाली, जुन्या दोन भागांच्या परीक्षेच्या जागी आली. 500 प्रश्न, दोन दिवस. निकाल फक्त पास किंवा नापास, त्यामुळे गुणांच्या जोरावर कुणी पुढे सरकत नाही. मग इंग्रजीची टोफेल, शिफारसपत्रं, मुलाखत. आणि बऱ्याच कॉलेजांत बेंच टेस्ट.

ही बेंच टेस्ट काय असते ते मी माझ्याच दवाखान्यात रात्री-रात्री पाहिलं. भाची टायपोडॉन्ट घेऊन यायची, म्हणजे प्लॅस्टिकच्या दातांचा जबडा. रोगी गेले की तो चेअरच्या डोक्याच्या जागी बांधायचा. वरच्या दाढेत क्लास टू कॅव्हिटी, म्हणजे शेजारच्या दाताला लागून असलेल्या बाजूचा खड्डा, कापायची, तीही थेट न बघता, आरशात बघून. आरशात एअररोटरची, म्हणजे दात कोरायच्या यंत्राची, दिशा उलटी दिसते. हात डावीकडे न्यायचा असतो, डोळा उजवीकडे म्हणतो. कापून झाली की पेरिओ प्रोब या खुणा असलेल्या सळईने खोली मोजायची. अर्धा मिलिमीटर जास्त गेली तरी गेली. शेजारच्या दाताला बरचा, म्हणजे यंत्राच्या टोकाचा, नुसता ओरखडा उठला तर ती मोठी चूक धरतात. एका रात्री तिने सातवा दात फेकला आणि रडायला लागली. मी म्हटलं, राहू दे आता, उद्या कर. तिने डोळे पुसले, नवा दात स्क्रूने बसवला आणि म्हणाली, "मामा, लाइट जरा इकडं करा की." पहिल्या वर्षी तिला कुठेच जागा मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी मिळाली. तो हात पैशाने विकत मिळत नाही.

धंदा करणारे आहेत, पण ते दुसरीकडे आहेत. एका शहरातल्या एका एजंटाने आमच्याकडून ‘सीट पक्की करतो’ म्हणून आगाऊ रक्कम घेतली होती. पुढे कळलं की बहुतेक कॉलेजांचा अर्ज कॅपिड नावाच्या ऑनलाइन यंत्रणेतून जातो आणि तो उमेदवारानेच भरायचा असतो. त्या माणसाच्या हातात पक्कं करण्यासारखं काहीच नव्हतं. रक्कम परत आली नाही. तेव्हा ‘सीट देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.

"तिथं नर्सचं काम करतात."

यात अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त टोचतं. कितीतरी बीडीएस मुली लग्न होऊन नवऱ्याच्या नोकरीमागून एच-4 व्हिसावर जातात. त्या व्हिसावर एरवी काम करता येत नाही. 2015 पासून, नवऱ्याची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्याच्या पुढे गेली असेल तर परवानगी मिळू शकते. त्या काळात काही जणी दवाखान्यात नुसतं बसून बघतात, आणि परवानगी मिळाली की डेंटल असिस्टंट म्हणून काम करतात. सक्शन धरायचं, साहित्य मिसळून द्यायचं.

पण हे त्यांच्या डिग्रीचं शेवटचं ठिकाण आहे, असं समजणं चूक. खुर्चीशेजारी उभं राहून तिथली बोलण्याची रीत, साहित्य, नोंदी सगळं समजतं, शिफारसपत्रही मिळतं. यात मला खरोखर खटकतं ते वेगळंच. लग्न ठरवताना मुलीचा व्हिसा कोणता असेल, तिला परीक्षेला बसायला वेळ आणि पैसा मिळेल का, हे मुलाकडच्यांना कुणी विचारत नाही. पगार विचारतात, घर विचारतात. हेही विचारा. तो प्रश्न बापाने विचारायचा आहे.

"इंग्लंड-ऑस्ट्रेलियात डिग्री तशीच चालते."

नाही. इंग्लंडमध्ये दंतवैद्यांची नोंदणी करणाऱ्या जनरल डेंटल कौन्सिलची ओआरई ही परीक्षा आहे, दोन भागांची. पहिला भाग लेखी, दुसरा हाताच्या कामाचा. तिच्या जागा खुल्या झाल्या की काही मिनिटांत भरतात, लोक लॅपटॉप उघडून बसून राहतात. ऑस्ट्रेलियात आधी कागदपत्रांची छाननी, मग लेखी, मग मेलबर्नला प्रात्यक्षिक. कॅनडातही टप्प्याटप्प्याने परीक्षा आहेत. फरक एवढाच की या देशांत परीक्षेच्या वाटेने जाता येतं, अमेरिकेत बहुतेकांना कॉलेजात बसावं लागतं.

"बाहेरून शिकून आलेला इथं दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडतो."

आपल्याकडेही परदेशी दंतपदवी घेऊन येणाऱ्या भारतीयांसाठी फॉरेन डेंटल स्क्रीनिंग टेस्ट आहे, राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती घेतं, उत्तीर्ण व्हायला 50 टक्के लागतात. नोंदणी झाल्याशिवाय कुणालाही दाताला हात लावायचा अधिकार नाही. आपण त्यांची परीक्षा घेतो तो त्यांचा अपमान नसतो, तसाच ते आपली घेतात तोही नसतो. आणि भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय 1920 साली कलकत्त्यात ज्यांनी काढलं, ते डॉ. रफीउद्दीन अहमद स्वतः अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून शिकून आले होते. आपल्या बीडीएसचं मूळच असं दोन देशांत आहे.

मेसेजने जे सांगायला हवं होतं ते मात्र सांगितलं नाही. खर्च. अमेरिकेतल्या या शिक्षणाची एकूण फी दीड-दोन लाख डॉलरच्या घरात सहज जाते, कित्येक ठिकाणी त्याच्या पुढे. राहणं-खाणं वेगळं. कर्जासाठी तिथला जामीनदार नसेल तर फार अडचण होते. पदवीनंतर ज्या राज्यात काम करायचं तिथलं लायसन्स वेगळं. शेत विकून कुणी हे करावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण बीडीएस घेतलं म्हणजे परदेशी जायलाच हवं असंही नाही. मी इथंच बेळगावच्या शहापुरात राहिलो, आणि सकाळी मराठीत ‘दाढ ठणकते’ आणि दुपारी कन्नडमध्ये ‘हल्लु नोवु’ ऐकत माझं घर चाललं.

त्या गृहस्थांना मी हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग आत्ता काय करू?" मी म्हटलं, मुलीला विचारा आणि तिला हवी असेल तर जागा घ्या. आणि आजच एक काम करा, तिचे कागद काढा.

ते पिशवीत होतेच. एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, मार्ककार्ड, आधार, पासपोर्ट मी काउंटरवर शेजारी-शेजारी मांडले. मार्ककार्डावर कन्नडवरून इंग्रजी केलेलं नाव, आधारवर मराठी उच्चाराचं, पासपोर्टवर आडनावच नाही. भाचीला याच कारणाने नोटरीकडे आणि राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळूरला विद्यापीठात तीन हेलपाटे पडले होते. मी पेन्सिलने तिन्ही ठिकाणी खूण केली. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि आपल्या मुलीचं नाव तिन्ही कागदांवर एकेक अक्षर जुळवून वाचायला लागले.