गप्पा म्हणजे उथळपणा नव्हे

गप्पांच्या पॉडकास्टमध्ये विषय वरवरच राहतो, हे पॉडकास्टवरच्या लेखातलं मत सरसकट पटलं नाही. २००७ पासूनचं 'फिलॉसॉफी बाइट्स' हे तत्त्वज्ञानावरचं इंग्रजी पॉडकास्ट ऐकून बघा. एक अभ्यासक, एकच मुद्दा, पंधरा-वीस मिनिटं, पाल्हाळ नाही.

व्यसनमुक्तीत तर बोलणं हाच उपचाराचा भाग. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संघटनेची सुरुवातच १९३५ साली बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींच्या बोलण्यातून झाली. सुटलेली दारू पुन्हा कशी लागली हे पॉडकास्टवर सांगताना माणूस अडखळतो, आणि चांगला मुलाखतकार तिथे पुढचा प्रश्न दामटत नाही. ती शांतता छापून येत नाही हो! (अचानक दारू सोडून हातपाय थरथरत असतील तर मात्र आधी डॉक्टर गाठा.) तंत्रज्ञानावरच्या पॉडकास्टचे बरेच भाग निव्वळ जाहिरातबाजी वाटतात, ते दुप्पट वेगाने ऐकले तरी चालतं.