म्हणे ओसाड पश्चिम!

"अमेरिकेने 1811 मध्ये पहिला महामार्ग काढला, पहिल्या दिवसापासून टोल घेतला, ओसाड पश्चिमेत वस्ती झाली, तिथला गहू पूर्वेला गेला, देश श्रीमंत झाला. आपण मात्र टोलच्या नावाने बोंबलतो." हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा सोडून दिला होता. काल सासऱ्यांनीही तोच पाठवला, वर "वाचा जरा". वाचला.

आधी टोल. मेसेजमधला महामार्ग म्हणजे नॅशनल रोड. मेरीलँडमधल्या कंबरलँडहून निघालेला हा रस्ता केंद्र सरकारने बांधला आणि 1818 मध्ये तो ओहायो नदीकाठी व्हीलिंगला पोचला, तेव्हा त्यावर टोल नव्हता. दुरुस्तीसाठी नाके बसवायचं विधेयक राष्ट्राध्यक्ष मन्रो यांनी 4 मे 1822 रोजी नामंजूर केलं. केंद्राला तसा अधिकारच नाही, असं त्यांनी लेखी दिलंय. तो संदेश कुणालाही वाचता येतो. नाके आले 1830 च्या दशकात, रस्ता राज्यांच्या गळ्यात पडल्यावर. पेनसिल्व्हेनियातला फिलाडेल्फिया-लँकेस्टर हा खासगी रस्ता टोलवर चालला, हे खरं. पण तो पूर्वेकडच्या जुन्या वस्तीतला. पश्चिमेशी त्याचा काय संबंध?

आणि "ओसाड"? कंबरलँडकडून पश्चिमेला ॲपलाचियन डोंगर ओलांडणारी वाट लेनापे या मूळनिवासी जमातीच्या नेमाकोलिन नावाच्या प्रमुखाच्या नावाने ओळखली जायची. 1755 मध्ये ब्रिटिश सेनापती ब्रॅडॉकच्या फौजेने ती रुंद केली, पुढे नॅशनल रोड बराचसा तिच्याच आसपासून गेला. ओसाड मुलखात मळलेली वाट कुठून आली? पलीकडे ओहायोत शॉनी, मायामी, लेनापे या जमाती राहत होत्या. 1794 मध्ये अमेरिकी फौजेकडून झालेल्या पराभवानंतर, 1795 च्या ग्रीनव्हिल तहात त्यांना तिथला मोठा भाग सोडावा लागला. सरकारने ओहायोतली जमीन विकायला काढली आणि त्या निव्वळ उत्पन्नातले 2 टक्के तिकडे जाणाऱ्या रस्त्यांसाठी राखले. 1806 च्या कायद्याने या रस्त्याला पहिले 30,000 डॉलर दिले ते याच खात्यातून. म्हणजे ज्यांना हुसकावलं त्यांच्याच जमिनीच्या पैशातून रस्त्याची सुरुवात झाली, आणि मेसेजवाल्याच्या लेखी तिथे कुणी नव्हतंच.

गव्हाचं तर हसूच येतं. कोनेस्टोगा नावाच्या सहा घोड्यांच्या अवजड मालगाडीतून धान्य डोंगरापार न्यायचं तर भाड्यातच सगळं संपायचं. म्हणून शेतकरी मक्याची व्हिस्की काढायचे, डुकरं-गुरं पायी हाकत न्यायचे, पिठाची पिंपं बोटीने न्यू ऑर्लिन्सला सोडायचे. रस्त्याने पश्चिमेला माणसं, टपाल, कापड, लोखंडी सामान झपाट्याने जाऊ लागलं, तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पश्चिमेचा गहू पूर्वेला ढिगाने नेला तो ईरी सरोवर आणि हडसन नदी जोडणाऱ्या, 1825 मध्ये पूर्ण झालेल्या ईरी कालव्याने. त्या कालव्यावर टोल होता, हेही सांगून टाकतो, नाहीतर उद्या तेवढंच कापून फॉरवर्ड कराल.