सोला हॅट सगळ्यांना हवी, काळी टोपी कुणालाच नको

जुन्या टोप्या जमवणाऱ्या मंडळींशी माझं एक भांडण आहे, ते आज लिहूनच टाकते. परवा परत एकाने विचारलं, 'ताई, सोला हॅट आहे का एखादी, घरातल्या बार काऊंटरवर ठेवायचीय.' सोला हॅट म्हणजे इंग्रज साहेब उन्हात घालायचे ती टणक, हलकी टोपी. आहे. देणार नाही. आणि खरं सांगू का, सोला हॅट शोधायला अक्कल कमी आणि पैसे जास्त लागतात. शुक्रवारी ठाण्याहून पहाटेची स्लो लोकल पकडा, सँडहर्स्ट रोडला उतरून मटन स्ट्रीटपर्यंत चालत जा, चोर बाजारातली दुकानं त्या दिवशी बंद आणि फूटपाथवर जुमा बाजार, मोबाईलचा टॉर्च मारत माल बघायचा, नशीब असेल तर घड्याळं, टेलिफोन, ग्रामोफोनच्या ढिगात एखादी खाकी हॅट असतेच. विकणारा 'कर्नलसाब की है' म्हणणार. सगळे कर्नलच. हवालदाराची हॅट आजपर्यंत कुणी मला विकलेली नाही.

त्यातल्या बऱ्याचशा खोट्या असतात हे मात्र लक्षात ठेवा. खरी सोला हॅट शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या गाभ्याची, बंगाल-आसामच्या दलदलीत उगवते ती, आणि हातात घेतली की रिकाम्या खोक्यासारखी हलकी लागते. कापड कुठे फाटलं असेल तर तिथे बोट लावून बघा, आत पांढरा, मऊ, थराथराचा गाभा दिसला पाहिजे. करडा लगदा किंवा दाबलेला पुठ्ठा दिसला की परत ठेवून द्यायची. दुसरी खूण घामाची. खऱ्या हॅटची आतली चामड्याची पट्टी कपाळाच्या बाजूला जास्त काळी पडलेली असते, कारण घाम तिथेच येतो. चहाच्या पाण्यात बुचकळून म्हातारी केलेली हॅट गोल सगळीकडून सारखीच तपकिरी. मला अशी टोपी घालायचा प्रयत्न एका दुकानदाराने केला होता, पट्टी उलटवून दाखवली तर म्हणतो 'मॅडम आप तो जानकार हो' आणि लगेच निम्मा भाव.

असो. मुद्दा तो नाहीच. मुद्दा असा की सोला हॅट, फेल्ट हॅट (दाबून घट्ट केलेल्या केसांची-लोकरीची), शिकारी हॅट यांना गिऱ्हाईक आहे म्हणून त्या टिकल्या. लंडनच्या ख्रिस्टीज किंवा इटलीच्या बोर्सालिनो या हॅटवाल्या कंपन्यांचा शिक्का दिसला की लोक डोळे झाकून घेतात. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या डोक्यावर जी होती ती साधी काळी टोपी, कारकुनाची, मास्तरांची, भिक्षुकाची, दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या शेटची, ती शोधून दाखवा. एकेकाळी बोडक्या डोक्याने घराबाहेर पडणं अशुभ मानायचे, म्हणजे घरातल्या प्रत्येक पुरुषाची निदान एक तरी असणारच ना? मग गेल्या कुठे सगळ्या? फेकल्या. कुणाला वाटलंच नाही की ही ठेवायची वस्तू आहे. साहेबाची टोपी अँटिक आणि आपल्या माणसाची टोपी अडगळ, हे आपण स्वतःच ठरवलंय, इंग्रजांना आता किती वर्षं दोष देणार.

नवी काळी टोपी मिळते हो, दुकानात मिळते, पूजेला घालायला, लग्नात मिरवायला. मी जुन्या, वापरलेल्या टोपीबद्दल बोलतेय.

आणि ती आत्ता निघतेय, आपल्या ठाण्यातच निघतेय. नौपाडा, पाचपाखाडी, जिकडे बघावं तिकडे रिडेव्हलपमेंट, तीन मजली बिल्डिंगा रिकाम्या होतायत, लोक भाड्याच्या फ्लॅटमध्ये जाताना माळा खाली करतात आणि भंगारवाला एका फेरीत सगळं घेऊन जातो. पितळ तो वेगळं काढतो, लाकूड वेगळं काढतो, टोपीला किलोचा भाव नसतो म्हणून ती सरळ कचऱ्यात. त्यामुळे मी आमच्या भागातल्या भंगारवाल्यांना सांगूनच ठेवलंय, टोपी दिसली की बाजूला ठेवा, किलोवर नाही नगावर पैसे देईन. सुरुवातीला हसायचे, बाईमाणूस पुरुषांच्या टोप्या कशाला गोळा करते म्हणून. आता फोन करतात.

माझ्याकडची सगळ्यात आवडती टोपी मात्र भंगारातली नाही. गोखले रोडच्या मागच्या एका जुन्या बिल्डिंगमधल्या आजींनी दिली, 'अगं घेऊन जा, मुलगा टाकूनच देणार आहे,' म्हणाल्या. पत्र्याच्या डब्यात, धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली. बाहेरून काही विशेष नाही, काळी मखमल, घडीवर घासून करडी झालेली, एका कोपऱ्यातून पुठ्ठा डोकावतोय. आत लाल अस्तर, त्यावर तेलाचा मोठा डाग, वास अजून खोबरेल तेलाचाच. पट्टी बोटाने उलटवली तर आत वर्तमानपत्राची घडी केलेली पट्टी निघाली. टोपी सैल होत असली की पूर्वी असा कागद कोंबायचे. त्या कागदावर अर्धवट जाहिरात, कसली ते कळत नाही पण किंमत रुपये-आण्यात छापलेली. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, आणि त्यानंतरही थोडा काळ आणे चालले, म्हणजे कागद साधारण तेव्हाचा किंवा त्याआधीचा. आजींना दाखवलं तर म्हणाल्या, 'मामंजींची असणार, यांचं डोकं मोठं होतं, यांना कागद लागलाच नसता.' हे कुठल्याही कर्नलच्या हॅटवर लिहिलेलं सापडणार नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की टोपी धुऊ नका, ड्रायक्लीनला देऊ नका, नवं अस्तर लावू नका. हल्ली 'रिस्टोअर' करायची फॅशन आहे, चकचकीत करून फ्रेममध्ये लावतात, एका कॅफेत तर भिंतीवर खिळे ठोकून टांगलेल्या बघितल्या, टोपीच्या कपाळातून खिळा, जीव कळवळला. काळ्या टोपीत पुठ्ठा असतो, पाणी लागलं की संपली. फेल्ट हॅटला किटलीची वाफ देऊन आकार आणता येतो, हिला ते चालत नाही. मऊ ब्रश, बस. याला अपवाद एकच, खादीची गांधी टोपी. ती धुवायची, आणि ठेवण्याआधी खळ पूर्ण काढायची, कारण खळीवर कसर येते. आमच्याकडे खाडीच्या हवेत जूनपासून सप्टेंबरपर्यंत बुरशीची वेगळी धास्ती, त्यामुळे प्लॅस्टिकची पिशवी अजिबात नको, मलमल आणि सिलिका जेलच्या पुड्या.

आणि फेल्ट हॅटवाल्यांनो, फोटोसाठी जुनी हॅट डोक्यावर चढवायची हौस जरा आवरा. पूर्वी प्राण्यांच्या केसांचं फेल्ट करायला पाऱ्याचे क्षार वापरायचे, त्या विषाने हॅट बनवणारे कारागीर थरथर कापायचे, अमेरिकेत तो प्रकार १९४१ मध्ये बंद झाला. फार जुन्या हॅटमध्ये पारा अजून असू शकतो. हाताळल्यावर हात धुवा, लहान मुलांना देऊ नका.

नाटकवाल्यांच्या ड्रेपरीतही जुन्या टोप्या सापडतात. ओळखायला सोपं, आतल्या पट्टीला मेकअपचा गुलाबी पॅनकेक लागलेला असतो. काही कलेक्टर नाक मुरडतात, 'ओरिजिनल वापर नाही' म्हणे. मला त्या पण आवडतात, एकाच टोपीने किती जणांचे सासरे आणि किती जणांचे हेडमास्तर केले असतील.

चेंदणी कोळीवाड्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या कोळी टोप्यांबद्दल विचारू नका. त्या लोक हळदीला, पालखीला अजून घालतात. वापरात असलेली टोपी कुणाच्या घरून मागून आणायची नसते, निदान मी तरी आणत नाही. पुणेरी पगडीचंही मला टेन्शन नाही, तिला २००९ मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, तिच्या मागे अख्खं पुणं उभं आहे. काळ्या टोपीच्या मागे कोण आहे?

तर कुणाची बिल्डिंग रिकामी होत असेल तर भंगारवाल्याला बोलवायच्या आधी माळ्यावरचे डबे उघडून बघा. टोपी निघाली तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा कुणाची, आणि ते नाव चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा, टोपीवर पेनाने नाही. घरात ठेवायची नसेल तर इनबॉक्सला फोटो पाठवा. आतल्या बाजूचा. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात.