तुमचा कुठला?

एकोणसाठ. कालपासून हा आकडा दातात अडकलेल्या तुसासारखा टोचतोय. मॅजिक: द गॅदरिंगच्या स्पर्धेत पहिल्या फेरीतला पहिला डाव मी एकही पत्ता न ओढता हरलो, कारण पंचांकडे दिलेल्या माझ्या यादीत साठऐवजी एकोणसाठच पत्ते निघाले. पंच विशीतला होता. "सर, नियम आहे," म्हणाला. कुणी "सर" म्हणत डाव काढून घेतला की जास्त लागतं.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. पत्ते आपले आपण निवडून न्यायचे. डेक कमीत कमी ६० चा, एका नावाचे चारपेक्षा जास्त पत्ते नाहीत, आणि शिवाय १५ पर्यंत राखीव. साध्या जमिनींना मात्र ही चाराची अट नाही. जमिनी म्हणजे ज्यांच्यातून मॅना (बाकीचे पत्ते उतरवायचं इंधन) निघतो ते पत्ते, आणि मॅना नसला तर हातातले बाकीचे पत्ते नुसते चित्रं बघायला. १९९३ साली बाजारात आलेला हा खेळ रचणारा रिचर्ड गारफील्ड गणितातला डॉक्टरेटवाला. एवढं कळलं की पुढचा सगळा छळ आपोआप समजतो.

मी तीन आठवडे डेक बांधत होतो. त्यातले चार दिवस एका जमिनीवर गेले. ६० पत्त्यांत २४ जमिनी ठेवल्या तर पहिल्या सात पत्त्यांत एकच जमीन येण्याची किंवा एकही न येण्याची पाळी शंभरातून चौदा वेळा येते. २३ ठेवल्या तर साडेसोळा वेळा. या दोन-अडीच टक्क्यांसाठी मी रात्री दोन वाजता अंथरुणातून उठून जमीन काढायचो आणि सकाळी दात घासता घासता परत घालायचो. भूमिहीन व्हायची भीती एकीकडे आणि जमीनदार होऊन हातात सातबाऱ्यांचा गठ्ठा घेऊन बसायची दुसरीकडे. स्पर्धेच्या आदल्या रात्री मी ती चोविसावी जमीन शेवटची काढली, यादीत २४ चे २३ केले आणि झोपलो. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

एक गोष्ट इथेच बोलून टाकतो. हल्ली डेक कुणी बांधत नाही. जिंकलेल्या माणसाची यादी उतरवतात, तेच साठ पत्ते गोळा करतात आणि पिसायला बसतात. मी माझा डेक दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला: "यादी कुठून घेतली?" माझीच आहे म्हटलं की समोरचा असा गप्प होतो, जणू मी स्वतःच स्वतःचं अपेंडिक्स काढलंय. तीन आठवडे! असो.

तर सकाळी यादी द्यायला वीस मिनिटं उरली असताना मी टेबलाशी बसून पत्त्यांवरचे प्लॅस्टिकचे स्लीव्ह तपासत होतो. एखाद्या पत्त्याच्या स्लीव्हचा कोपरा दुमडला तरी तो खुणेचा पत्ता धरतात, म्हणून मी एकेक पत्ता उजेडासमोर धरून बघत होतो. शेजारच्या खुर्चीवर साठीचे एक गृहस्थ येऊन बसले. चष्मा दोरीला, खिशाला पेन.

"तुमचा कुठला?" त्यांनी विचारलं.

"कुठला म्हणजे?"

"मुलगा हो. माझा तो निळ्या शर्टातला. भाचा आहे."

"माझा कोणी नाही. मीच खेळतोय."

त्यांनी आधी माझ्या केसांकडे पाहिलं, मग पत्त्यांकडे, मग परत केसांकडे. "अस्सं," म्हणाले. माझं वय एकेचाळीस आहे. बुद्धिबळाच्या स्पर्धेत सत्तरीचा माणूस बसला तर त्याला कुणी "नातवाला घेऊन आलात का" विचारत नाही. पण पत्त्यावर ड्रॅगनचं चित्र असलं की तुम्ही एकतर बारा वर्षांचे असायला हवं, नाहीतर बारा वर्षांच्या कुणाचे तरी पालक.

"मी लेखापरीक्षणात होतो. एकतीस वर्षं," ते म्हणाले आणि माझी यादी उचलली. विचारलं नाही. खिशातलं पेन काढलं. लाल होतं. निवृत्त माणूस सुट्टीच्या दिवशी खिशात लाल पेन बाळगतो यावरून मी सावध व्हायला हवं होतं.

"लाइटनिंग बोल्ट, चार. चार का?"

"नियमाने चारच ठेवता येतात."

"पाच चालले असते तर?"

"पाच ठेवले असते."

"म्हणजे चार हा निर्णय तुमचा नाही, नियमाचा." टिचकी मारल्यासारखी एक लाल खूण. मी जरा चिडून गणित सांगितलं, की चार ठेवले तर पहिल्या सातांत किमान एक येण्याची शक्यता चाळीस टक्के असते.

"म्हणजे साठ टक्के वेळा खर्च पडला आणि माल आलाच नाही."

"पुढे ओढताना येतो ना काका!"

"सगळे हेच म्हणतात. पुढच्या आर्थिक वर्षात येईल."

मग पेन खाली सरकत सरकत ड्रॅगनपाशी थांबलं. हा ड्रॅगन उतरवायला सात मॅना लागतात. अख्ख्या डेकात तो एकटाच. मी पहिल्यांदा पत्त्यांचं पाकीट फोडलं तेव्हा त्यातून निघाला होता, आणि तेव्हापासून माझ्या प्रत्येक डेकात तो असतो.

"हा एकच का?"

"आवडता आहे."

"आवडता," त्यांनी तो शब्द दोन बोटांनी शेपटीला धरून उचलल्यासारखा उच्चारला. "सरावाचे डाव किती झाले?"

"चाळीसेक."

"हा उतरला कितीदा?"

"दोनदा."

"त्यातले जिंकलात किती?"

"एक." तोही समोरच्याला फोन आला आणि तो डाव सोडून उठला म्हणून. पण लेखापरीक्षकाला आपण होऊन काही सांगू नये.

"सातव्या पाळीला हातून किती पत्ते गेलेले असतात?"

"तेरा-चौदा."

"त्यात जमिनी?"

"सरासरी पाच-साडेपाच."

"याला लागतात सात." त्यांनी चष्मा काढला. "मग हा माणूस कामावर येतो कधी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन आठवडे मी स्वतःला हाच प्रश्न विचारायचं टाळत होतो.

"एकूण पत्ते किती?"

"एकसष्ट," मी म्हणालो. डोक्यात एकसष्टच होते. चोविसावी जमीन काढल्यानंतरचा मेंदू अजून अंथरुणातच होता.

"लागतात किती?"

"साठ. पण वर मर्यादा नाही. कुणाच्या मदतीशिवाय पिसता आला म्हणजे झालं."

"मर्यादा नाही म्हणून जास्त? वा!" आणि त्यांनी ड्रॅगनवरून एक सरळ लाल रेघ मारली. पट्टी न लावता इतकी सरळ रेघ मी आजवर पाहिली नाही. मी मुकाट्याने ड्रॅगन डेकातून काढला आणि पिशवीत टाकला. यादी दिली. वर त्यांचे आभारही मानले. आभाराचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बावन्न पत्ते नीट मिसळायला दोन गठ्ठे एकमेकांत घुसवत साधारण सात वेळा पिसावे लागतात असं डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या दोन गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं. माझे साठ म्हणून मी आठ वेळा पिसतो. आठव्यांदा पिसून डेक खाली ठेवला आणि पंच शेजारी येऊन उभा राहिला. डाव गेला. कमी पडलेल्या पत्त्याच्या जागी काय, तर एक साधी जमीन. चोविसावी. जिच्यासाठी चार दिवस झोप घालवली, ती नियमाने फुकट परत आली.

फेरी हरल्यावर मी त्यांना गाठलं. "काका, एकोणसाठ भरले."

"बेरीज केली नव्हती?"

"तुम्ही यादी तपासलीत ना!"

"बेरीज खात्याने करायची असते," ते शांतपणे म्हणाले. "आम्ही फक्त ताशेरे ओढतो."

आता स्पर्धेतल्या स्विस पद्धतीबद्दल माझी तक्रार अशी, की ती कुणाला घरी जाऊ देत नाही. हरलेल्याला हरलेल्याशी खेळवत राहते. चौथ्या फेरीत माझ्यासमोर निळा शर्ट येऊन बसला. मामा मागोमाग आलेच. उभे राहिले ते भाच्याच्या मागे नाही, माझ्या मागे. मी पत्ता टाकला की मागून "च्" असा आवाज यायचा.

"मामा, काकांना खेळू दे ना," भाचा म्हणाला. म्हणजे मी काकासुद्धा.

एक-एक बरोबरी झाली. तिसऱ्या डावात माझ्यासमोर आठ जमिनी पसरल्या होत्या, हातात नववी होती, आणि माझा ड्रॅगन पायाशी पिशवीत होता. भाच्याने मॅनासाठी सात जमिनी एकामागून एक आडव्या केल्या आणि एक पत्ता खाली ठेवला. तोच ड्रॅगन. माझाच. म्हणजे माझा नाही, पण तोच.

मी मागे वळून बघितलं. "याच्या डेकात हा कसा?"

"त्याचे एकसष्ट आहेत," मामा म्हणाले. "म्हटलं, पोराची हौस आहे. राहू दे."