माझे पाच तारे

गोव्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की भजनी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप फिरायला लागतो. यंदा तो मला फोंड्यातल्या तीन गटांवर आला, एका गटावर तर माझ्याच विद्यार्थ्याने टाकलेला. मजकूर थोडक्यात असा: पेटी-तबला ऑनलाइन घेऊ नका. वाद्यं विकणाऱ्यांच्या वेबसाइटवरचे अभिप्राय दुकानदार पैसे देऊन लिहून घेतात. वाईट अभिप्राय काढून टाकतात. खरा जाणकार तिथे लिहायला जातच नाही. तेव्हा आपल्या गुरुजींना विचारा आणि ते सांगतील तेच घ्या.

मी पेटी शिकवतो, त्यामुळे शेवटचं वाक्य वाचून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

पैसे देऊन लिहून घेतात, हा पहिला मुद्दा. असं होत नाही असं कोण म्हणेल? आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, ते उगाच नाही. विकत घेतलेले अभिप्राय छापू नयेत, लिहिणारा खरा आहे का हे तपासावं, असं त्यात आहे. आलं तेव्हा ते ऐच्छिक होतं, हेही खरं. पण वाद्यांच्या दुकानाचा धंदा कसा चालतो तेही बघा. एकाच दुकानात दहा कंपन्यांच्या गिटारी असतात. तुम्ही ही घेतली काय, ती घेतली काय, गल्ला त्याचाच. मग एका गिटारीसाठी त्याने खोटं कशाला लिहून घ्यावं? दुकानाचा स्वतःचा ब्रँड असेल तर गोष्ट वेगळी. जर्मनीचं थोमान हे मोठं दुकान हार्ली बेंटन नावाने स्वतःच्या गिटारी विकतं, आणि असे घरचे ब्रँड बऱ्याच मोठ्या दुकानांचे असतात. तिथले तारे जरा हात राखून मोजावेत. पण म्हणून ‘सगळे खोटे’ कसे?

वाईट अभिप्राय काढून टाकतात, याला पुरावा आहे, पण तो कपड्यांच्या धंद्यातला. फॅशन नोव्हा या अमेरिकी कंपनीने चार ताऱ्यांच्या खालचे अभिप्राय वर्षानुवर्षं साइटवर येऊच दिले नाहीत, असा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२२ मध्ये ते प्रकरण ४२ लाख डॉलरला मिटलं. तेव्हा ज्या दुकानात एका ताऱ्याचा एकही अभिप्राय दिसत नाही, तिथे शंका घ्याच. एरवी वाद्यवाल्याला वाईट अभिप्राय कामाचाही असतो. पेटीसारखी जड आणि नाजूक वस्तू परत आली की जाण्या-येण्याचं भाडं आणि मोडतोड त्याच्याच माथी. ‘वाटली त्यापेक्षा जड आहे, म्हातारीला उचलत नाही’ एवढी एक ओळ वाचून चुकीचं गिऱ्हाईक आधीच थांबलं तर त्याचे पैसे वाचतात.

आता माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी शिकवणीसाठी एक पेटी ऑनलाइन मागवली. साडेतीन सप्तकी, दोन रीडची (एका पट्टीमागे आवाजाच्या दोन पात्या), वर साडेचारच्या पुढे तारे. खोकं उघडलं, थर्माकोल काढला, भाता भरला आणि एकच पट्टी दाबून सूर किती वेळ टिकतो ते बघितलं. छान टिकला. वार्निशचा वास, चकचकीत काचा, एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातला तोच सूर वाजवणारा कपलरही नीट. चौथ्या दिवशी दुकानाचा ईमेल आला, कशी वाटली म्हणून. मी पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, ‘उत्तम आवाज, वेळेवर पोचली.’

मग पाऊस लागला. गोव्यातला जुलै म्हणजे कपाटातल्या चपलेवर बुरशी आणि डब्यातलं मीठ चिखल. एका सकाळी मध्य सप्तकातला गंधार दाबला तो वर येईना. दोन दिवसांनी धैवताचंही तेच. लाकूड फुगून पट्ट्या शेजारच्या पट्ट्यांना घासत होत्या. आतल्या स्प्रिंगांवर गंजाचे ठिपके. मुलं एक सूर दाबायची आणि बोटाने उचलून परत वर काढायची, त्यातून वर्गात हसू.

रागाच्या भरात मी त्या साइटवर गेलो, फसवलं म्हणून चार शब्द सुनवायला. खाली सरकत सरकत अभिप्राय वाचले तर एक तीन ताऱ्यांचा होता, मंगळूरच्या कोणीतरी लिहिलेला: पावसाळ्यात पट्ट्या अडकतात, समुद्राकाठच्यांनी विचार करून घ्यावी. तारीख बघितली. मी पेटी मागवली त्याच्या आठ महिने आधीची. दुकानदाराने काही लपवलं नव्हतं. मी वरचे चार वाचून ‘खरेदी करा’वर बोट ठेवलं होतं, आणि ते चारही माझ्यासारखेच पहिल्या आठवड्यात लिहिलेले होते.

मला विचाराल तर मेख इथे आहे. दुकान अभिप्राय मागतं तेव्हा वाद्य अजून पाहुणं असतं. खोकं नीट आलं का, सूर जुळलेले होते का, रंग फोटोसारखा आहे का, एवढं पहिल्या आठवड्यात कळतं आणि तेवढ्यापुरता तो अभिप्राय विश्वासाचा असतो. भाता वर्षाने गळेल का, हे त्या माणसाला ठाऊकच नसतं, मग तो खोटं तरी काय बोलणार? म्हणून मी आता ताऱ्यांऐवजी तारीख बघतो आणि गाव बघतो. कोची, रत्नागिरी, मंगळूर, कारवार इथला माणूस दिसला की त्याचं आधी वाचतो. दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यातले पाच तारे मला जुलैत काय कामाचे?

जाणकार लिहीत नाहीत, हे अर्धं खरं. पण नवशिक्याच्या तक्रारीतूनही जाणकाराला हवं ते मिळतं. परवा एका तबल्याखाली एक तारा बघितला: ‘बेकार माल, काळी एकला चढत नाही, ठोकून ठोकून गजरा फाटायला आला.’ गजरा म्हणजे तोंडाभोवतीची चामड्याची वेणी, ती ठोकून सूर चढवतात. तबल्याचं तोंड होतं सहा इंची. सहा इंची तोंड खालच्या सुरांचं. काळी एक या वरच्या सुरासाठी साधारण साडेपाच इंची घेतात. म्हणजे तबल्याची चूक काही नाही, मागवणाऱ्याची आहे. पण त्या रागावलेल्या माणसाने मला फुकटात सांगितलं की दुकान मापाप्रमाणेच माल पाठवतं. उलट काही साइटवर वेगवेगळ्या मापांचे अभिप्राय एकाच ढिगात टाकलेले असतात, साडेपाच इंचीचे तारे सहा इंचीच्या नावावर. त्या गोंधळाबद्दल निरोपात चकार शब्द नाही.

राहिले गुरुजी. मी पहिल्यांदा शिकवणी सुरू केली तेव्हा एका वाद्यांच्या दुकानदाराने मला चहा पाजून सांगितलं होतं, ‘पोरं पाठवा सर, पेटीमागे दहा टक्के तुमचे.’ मी घेतले नाहीत, पण चहा प्यायलो, आणि घेणारे मला ठाऊक आहेत. वेबसाइटवरच्या विकतच्या अभिप्रायाला निदान मानक तरी आहे. आमच्या धंद्यातल्या या दहा टक्क्यांवर कोणी शिक्का मारत नाही. आई-बाप विचारतात तेव्हा मी एवढंच करतो: तोंडाचं माप, सप्तकं, रीड, लागणारा सूर कागदावर लिहून देतो आणि दुकान त्यांचं त्यांना शोधू देतो. पेटी घरी आली की भाता मी येऊन तपासतो.

घुमटाचा, म्हणजे चवथीला वाजणाऱ्या आमच्या मातीच्या वाद्याचा, प्रश्नच नाही. ते कुंभाराकडून आणायचं, चामडं चढवायचं, बोटाने वाजवून बघायचं. तिथे तारे नाहीत आणि चवथीला कोणाचं अडत नाही.

त्या पेटीच्या पट्ट्या मी सुताराकडून किंचित तासून घेतल्या, स्प्रिंगा बदलल्या, आता पावसातही चालते. साइटवर जाऊन माझा अभिप्राय सुधारायला दोनदा बसलो. एकदा दिलेला अभिप्राय बदलायची सोय तिथे सापडली नाही. तेव्हा ‘उत्तम आवाज, वेळेवर पोचली’ अजून तिथेच आहे, माझ्या पाच ताऱ्यांसकट.