स्वतःची आवड जडू नये म्हणून घ्यायची काळजी

त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास सिंधुदुर्गात जत्रा सुरू झाल्या की सांभाळा. रोज कुठल्यातरी देवळासमोर दशावतारी नाटक, तिकीट नाही, आणि काय आवडावं हे सांगणारे रेटिंगचे तारेही पडद्यावर नाहीत. अशा वेळी मन मोकळं सोडलं तर ते स्वतःच ठरवू लागतं.

मुख्य धोका असा की दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, सोंगं वाटली जातात आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. म्हणजे कुडाळकडे पाहिलेलं आख्यान पुढच्या आठवड्यात वेंगुर्ल्याकडे दुसऱ्या कंपनीचं पाहिलं, तर राजा तोच, बोलणं निराळं. एक बाकड्यावर बसून शब्द तोलतो, दुसरा नुसता ओरडतो. हा फरक कानाला एकदा कळला की पुढे औषध नाही. म्हणून एकच आख्यान दोनदा पाहू नका.

आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा भाग, तर चुकवाच. त्यात संकासुर नावाचा विनोदी राक्षस येतो, मालवणीत बोलतो, समोरच्याची फिरकी घेतो आणि हसू आपसूक फुटतं. कुणी न सांगता आलेलं हसू फार घातक. उशिरा पोचा, ट्रिकसीन, म्हणजे चमत्काराचा देखावा, येईपर्यंत खाजं खात बसा, मग मोबाईल वर धरून तीस सेकंद टिपा आणि निघा. पहाटेपर्यंत थांबणारे पुढे मतं मांडताना आढळतात.

डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, जाताना आपला बुवा कोण हे घरूनच ठरवून निघा. समोरच्या बुवाच्या गजराला पाय हलू लागला तर मांडी घट्ट घाला. रत्नागिरीकडच्यांना एवढेही कष्ट नाहीत. तिकडच्या जाखडी नाचात शक्तीवाले आणि तुरेवाले असे पक्ष आयतेच आहेत. आपल्या वाडीचा शाहीर कुठल्या बाजूचा ते पाहायचं, सवाल-जवाब ऐकलेच पाहिजेत असं थोडंच आहे?

पावसाळ्यात घरी बसून पाहताना ‘सर्वाधिक पाहिलेल्यां’च्या यादीत वर असेल तेच लावा. ते वर का आहे, हे खणू नका; उगाच मन खट्टू होतं. नेटफ्लिक्सने २०२० च्या सुमारास दोन मिनिटं पाहिलं तरी ‘पाहिलं’ असं मोजलं, म्हणजे तिसऱ्या मिनिटाला कंटाळून उठलेलाही चाहत्यांत जमा. २०२३ पासून ते एकूण पाहिलेले तास कार्यक्रमाच्या लांबीने भागतात. यूट्यूब शॉर्ट्समध्ये ३१ मार्च २०२५ पासून व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी आकडा वाढतो. अंगठ्याने पुढे ढकलणाराही त्यात आला. तेव्हा ‘लाखोंनी पाहिलं’ एवढंच वाचावं आणि भारावून जावं.

मत विचारलं तर एक वाक्य पाठ ठेवा: ‘चांगलाय, पण सेकंड हाफ लांबलाय.’ आजवरच्या कुठल्याही सिनेमाला ते बसतं, न पाहिलेल्यालाही. कुठला प्रसंग लांबला असं कुणी खोदून विचारलंच तर ‘एडिटिंग’ म्हणा आणि चहा मागवा. मात्र ‘माका नाय आवडला’ हे तोंडातून जाऊ देऊ नका. त्यानंतर ‘कित्या?’ येतो, आणि ‘कित्या’ला उत्तर द्यायचं तर खरोखर पाहिलेलं असावं लागतं.

एक भाग संपला की काही सेकंदांत पुढचा आपोआप सुरू होतो. मधली ती सेकंदं वाईट, ‘कसा होता?’ हा प्रश्न तेवढ्यातच आत शिरतो. आपोआप सुरू होणं बंद करायची सोय प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये आहे, तिकडे फिरकू नका. आणि लाईट जाणारच, तेव्हा पॉवर बँक आधीच चार्ज करून ठेवा. अंधारात नुसतं बसलं की माणूस पाहिलेलं आठवतो, मग त्यातलं बरं-वाईट निवडत बसतो. पॉवर बँका दोन घ्या; आमच्याकडचा पाऊस एकीत भागत नाही.